डेटनचा पूर आणि आमची शाहूपुरी

माझी डेटनशी ओळख स्टार्टरमुळं झाली. कोल्हापुरातल्या शाहूपुरीत माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. तेव्हा जुन्या ट्रकांचे स्टार्टर आणि डायनामो आमच्याकडं यायचे, आणि त्यातल्या एखाद्यावर 'डेल्को-रेमी' असा ठसा असायचा. डेल्को म्हणजे डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, हे मला फार उशिरा कळलं. लेकीला अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळाला आणि तिनं गावाचं नाव सांगितलं, ओहायो राज्यातलं डेटन. घरातले बाकीचे नकाशा उघडून बसले. मी म्हणालो, "अगं, हे तर आपल्या स्टार्टरचं गाव!"

ही डेल्को काढणारा चार्ल्स केटरिंग हा इंजिनिअर आधी तिथल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र हँडल मारून चालवायला लागायचं, त्याला यानं मोटर बसवली. मोटर एवढीशी, पण तिला जोर क्षणभरच लावायचा, मग आराम. तेवढ्या वेळापुरता ऐपतीच्या कितीतरी पट लोड टाकला तरी वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, जळत नाही, कारण तापायला वेळच मिळत नाही. हाच हिशेब त्यानं पुढं मोटारगाडीला लावला आणि १९१२ च्या कॅडिलॅकला सेल्फ-स्टार्टर आला. आजही एखादं गिऱ्हाईक सेल्फ मारत बसतं आणि आर्मेचर जाळून आणतं, तेव्हा केटरिंगचा हा धडा मी त्याला कोल्हापुरीत ऐकवतो. सगळाच इथं छापण्यासारखा नसतो.

लेकीच्या पदवीदानाला आम्ही दोघं गेलो. नायगारा वगैरे झालं, त्याचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गरजेपेक्षा जास्त पडलेत. लिहायचंय ते डेटनबद्दल. हे गाव पुरात बुडालं, आणि पाणी उतरल्यावर तिथल्या लोकांनी नदी आणि नगरपालिका अशा दोन्हींची दुरुस्ती एकदमच काढली. जुलै लागला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर बघून झोपणाऱ्या माणसाला याचं काय अप्रूप वाटलं असेल, ते कुंभार गल्ली, रमणमळा, दुधाळी, सुतारवाड्यातल्या लोकांना समजावून सांगायला नको.

गाव वसलं १७९६ साली. अमेरिकेच्या संविधानावर सही करणाऱ्यांतल्या जोनाथन डेटनच्या त्या भागात जमिनी होत्या, त्याचं नाव पडलं. जागा मात्र पाण्याच्या तोंडाशी. ग्रेट मायामी नदीला तिथं स्टिलवॉटर, मॅड आणि वुल्फ क्रीक येऊन मिळतात. आपल्याकडं कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती, शिवाय गुप्त सरस्वती, यांची प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. आपला संगम निदान गावाबाहेर आहे. त्यांचा अगदी दारात.

१९१३ च्या मार्चमध्ये ईस्टरच्या रविवारी तिथं पाऊस लागला. तीन दिवसांत आठ ते अकरा इंच. आपल्या गगनबावड्याला हे फार तर दीड दिवसाचं काम, पण तिथली जमीन आधीच पाणी पिऊन बसलेली होती, मुरायला जागा नव्हती. २५ तारखेला बांध फुटले. भर बाजारपेठेत काही ठिकाणी वीस फूट पाणी चढलं. माणसं माळ्यांवर आणि छपरांवर जाऊन बसली. त्यात गॅसच्या नळ्या फुटून आगी लागल्या, म्हणजे खाली पूर आणि वर जाळ. डेटन आणि आजूबाजूचं खोरं मिळून साडेतीनशेच्या वर माणसं गेली.

या पुरातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे जॉन पॅटरसन, त्याच कॅश रजिस्टर कंपनीचा मालक. ते यंत्र मुळात डेटनच्याच एका दारूच्या गुत्तेवाल्यानं १८७९ साली काढलं, नोकर गल्ल्यातले पैसे मारतात म्हणून. पॅटरसननं तो धंदा घेतला आणि जगभर नेला, आणि प्रतिस्पर्ध्यांना असं चेपलं की १९१३ च्या फेब्रुवारीत कोर्टानं मक्तेदारीच्या खटल्यात त्याला वर्षभराची कैद सुनावली. अपील व्हायचं होतं, तेवढ्यात पूर. पॅटरसननं उत्पादन बंद करून कारखान्यातल्या सुतारांना सपाट तळाच्या नावा करायला बसवलं. जवळजवळ तीनशे नावा निघाल्या. कारखाना उंचावर होता, तिथं हजारो लोकांना आसरा दिला, जेवण दिलं, दवाखाना उघडला. फेब्रुवारीतला गुन्हेगार मार्चमध्ये देवमाणूस झाला. १९१५ मध्ये अपिलात शिक्षाही रद्द झाली. कोल्हापुरात हे कुणाला अवघड वाटणार नाही. पुरात कोण कुठल्या बोटीत उभा राहून फोटो काढून घेतो आणि पुढं तो फोटो कुठं कुठं लागतो, हे आपण बघतोच की.

राइट बंधू याच गावचे, त्यांचं सायकलचं दुकान इथंच. १९०३ साली उडालेलं ते पहिलं विमान दुकानामागच्या शेडमध्ये पेट्यांत भरून ठेवलेलं होतं, ते कित्येक दिवस पाण्यात आणि गाळात पडून राहिलं. आज ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. डेटनच्या कॅरिलन पार्कमध्ये त्यांचं १९०५ चं विमान आहे आणि १९१३ च्या पुराचं एक दालन आहे. बायको विमानाजवळ थांबली. मी पुराच्या दालनात, गाळानं भरलेल्या दुकानांच्या फोटोंपुढं.

कारण तो गाळ माझ्या ओळखीचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली. ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ धोक्याची, त्याच्याही वर बारा फूट. पाणी उतरल्यावर माझ्या दुकानाबाहेर मोटरींची रांग लागली. पिठाच्या गिरणीच्या, बोअरच्या, लिफ्टच्या. पुराचा गाळ एवढा बारीक की स्लॉटमध्ये, बेअरिंगमध्ये, टर्मिनल बॉक्सच्या स्क्रूच्या आट्यांत शिरतो. अशी मोटर आधी स्वच्छ पाण्यानं जोरात धुवायची, गाळ एकदा वाळला की सुटत नाही. लोकांना वाटायचं, बुडालेली मोटर हा बाबा परत पाण्यात कशाला घालतोय! मग बेअरिंग फेकून द्यायचं, स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा तांब्याचा भाग, भट्टीत सुकवायचा आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायचा. काटा चढला तर वार्निश मारून परत, नाही चढला तर सगळं तांबं उपसायचं. आमची भट्टी म्हणजे पत्र्याच्या पेटीत दोनशे वॉटचे बल्ब. लाइटच नव्हती, तर बल्ब कुठले? ऊन शोधत गच्चीवर स्टेटर मांडले होते. पलीकडं कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती विरघळल्या होत्या आणि चतुर्थी महिन्यावर आली होती. २०२१ ला पाणी ५६ फुटांवर गेलं, पण तेव्हा आम्ही निदान सामान आधीच माळ्यावर चढवलं होतं.

आता डेटनवाल्यांनी काय केलं ते. पूर मार्चमधला, आणि मे महिना संपायच्या आत गावानं आपसात वर्गणी काढून वीस लाख डॉलरच्या वर जमवले. त्या काळातले. त्यांची घोषणा होती: माळ्यावर बसून दिलेला शब्द विसरू नका. पाणी कमरेला लागल्यावर आपण काय काय बोलतो आणि घर धुऊन झाल्यावर त्यातलं किती लक्षात राहतं, हे ज्यानं ओळखलं त्याला माझा नमस्कार.

त्या पैशातून आर्थर मॉर्गन नावाचा इंजिनिअर लावला. ओहायोनं १९१४ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला, १९१५ मध्ये मायामी कन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट स्थापन झालं. म्हणजे महापालिका किंवा जिल्हा यांच्या हद्दीत न अडकता अख्ख्या खोऱ्यासाठी एक संस्था. १९२२ पर्यंत मातीची पाच धरणं उभी राहिली. खर्च तीन कोटी डॉलरच्या वर, आणि तो केंद्रानं दिला नाही, खोऱ्यातल्या लोकांनी कर्जरोखे काढून उभा केला. (हाच मॉर्गन १९४८-४९ च्या राधाकृष्णन विद्यापीठ आयोगाचा सदस्य होता. खेड्यांसाठी वेगळी विद्यापीठं हवीत हा विचार त्या आयोगानं मांडला, आणि पुढं निघालेल्या ग्रामीण संस्थांपैकी एक आपल्या गारगोटीला मौनी विद्यापीठात होती. जग लहान आहे ते असं.)

ती धरणं एरवी कोरडी असतात. लेकीनं एकदा रविवारी गाडी काढून एंगलवुडच्या धरणावर नेलं. मी जलाशय बघायच्या तयारीनं गेलो होतो. तिथं झाडी, पायवाटा, कुत्री फिरवणारी माणसं, आणि खाली धरणाच्या पोटातून काँक्रीटच्या बोगद्यातून नदी निवांत वाहत होती. दरवाजा नाही. चाक नाही, मोटर नाही, ऑपरेटर नाही. टाकीच्या तळाला भोक ठेवावं तसा तो बोगदा, आणि त्याचं माप असं की खालच्या गावाला झेपेल त्यापेक्षा जास्त पाणी त्यातून जाऊच शकत नाही. पूर आला की जादाचं पाणी आपोआप मागं तुंबतं, रानात पसरतं, आणि पुढं हळूहळू आपोआप निघून जातं. १९१३ च्या पुराला धरून वर आणखी चाळीस टक्क्यांची तयारी केलीय. आजपर्यंत दोन हजारांहून जास्त वेळा या धरणांनी पाणी अडवलं, असं तिथला फलक सांगतो.

आपल्याला यातलं अर्धं तरी नवीन नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं उघडतात, कुणाला फोन करावा लागत नाही. 'तीन नंबरचा दरवाजा उघडला' ही बातमी आपण किती पिढ्या ऐकतोय. पण राधानगरी हे साठवायचं धरण. शाहू महाराजांनी ते शेतीला पाणी मिळावं म्हणून काढलं, आणि ते भरलेलं असणं हीच त्याची शोभा. पुरासाठी रिकामी जागा ठेवायची आणि उन्हाळ्यासाठी भरूनही ठेवायचं, या दोन्ही गोष्टी एका धरणाकडून मागितल्या की दर ऑगस्टला भांडण ठरलेलंच. आणि कोरडी धरणं इथं जशीच्या तशी चालतील असंही मी म्हणत नाही. त्यांचा पूर तीन-चार दिवसांचा. आपल्याकडं पाऊस पंधरा-पंधरा दिवस हलत नाही, भोक केवढंही ठेवा, धरण पहिल्या आठवड्यातच तुडुंब. त्यात खाली नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला जायला वाटच राहत नाही.

शिवाय कुणाचं तरी रान त्या पाण्याखाली जातंच. वरच्या बाजूचे शेतकरी तेव्हा डेटनवर चांगलेच तापले होते: शहर तुमचं, बुडायचं आम्ही का? ऑस्बॉर्न नावाचं एक अख्खं गाव हफमन धरणाच्या बुडीत क्षेत्रात येत होतं. ते घरांसकट उचललं. चारशेच्या आसपास घरं ओंडक्यांवर, गाड्यांवर चढवून नवीन जागी नेली. आपल्या प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला प्लॉट मिळाले, तरी पूर आला की जनावरं घेऊन तिकडं आणि ओसरला की परत गावात, हे अजून चालूच आहे. घर उचलून नेता येतं, गोठा, शेत आणि नदीकाठ कसा नेणार?

नदीचं झालं, आता नगरपालिकेचं. पूर यायच्या आधीच पॅटरसन आणि मंडळी ओरडत होती की गावाचा कारभार पक्षाच्या पुढाऱ्यांच्या हातात सडलाय. पुरानं ते सगळ्यांना पटवलं. ऑगस्ट १९१३ मध्ये लोकांनी मतदान करून नवीन सनद घेतली आणि १ जानेवारी १९१४ पासून डेटन हे व्यवस्थापकाच्या हाताखाली चालणारं अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर झालं. लहान गावांनी हा प्रयोग आधी केला होता. डेटननं केला म्हणून बाकीची शहरं बघायला लागली. पाच जणांचं मंडळ लोकांनी निवडायचं, पक्षाच्या चिन्हाशिवाय. महापौर त्या पाचांतलाच एक, त्याचंही मत एकच. हे पाच जण एक मॅनेजर नेमणार, कचरा, पाणी, रस्ते, नोकरभरती सगळं तो बघणार, आणि नाही जमलं तर हेच पाच जण त्याला घरी पाठवणार. पहिल्या वेळी त्यांनी पनामा कालवा खोदणाऱ्या गोथल्सलाच बोलावणं धाडलं होतं! तो आला नाही. मग सिनसिनाटीचा शहर अभियंता हेन्री वेट आला.

एका बुधवारी मी आणि लेक त्या सभेला जाऊन बसलो. आत जायला कुणी अडवलं नाही. एक आजीबाई माइकपुढं येऊन शेजारच्या ओसाड घराबद्दल बोलल्या, छप्पर खाली आलंय, आत रात्री पोरं शिरतात, पाडणार कधी? पाच जण ऐकत होते, पण आजींचा रोख बाजूला बसलेल्या मॅनेजरकडं होता. तिथल्या एका सदस्यानंही त्यालाच विचारलं, "ते घर यादीत आहे का?" मॅनेजरनं कागद उलटले आणि पुढच्या सभेला सांगतो म्हणाला. पुढं काय झालं माहीत नाही, आमचं विमान होतं. पण विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच खोलीत होते, आणि विचारणाऱ्याच्या हातात नोकरीवरून काढायची ताकद होती.

आपल्याकडं आयुक्त राज्य सरकार पाठवतं. १९४९ च्या महापालिका कायद्यात तसं आहे आणि त्याच्या मागं मुंबईचा १८८८ चा. तिथंही कारभार आयुक्ताकडंच दिलेला. सभागृहानं पाच अष्टमांश मतांनी ठराव केला तर आयुक्ताला परत बोलवावं अशी तरतूद आहे खरी, पण नवी मुंबईत २०१६ साली असा ठराव प्रचंड बहुमतानं झाला आणि सरकारनं तो थोपवला. आयुक्त चांगले येतात, कधी फार चांगले येतात. गावाची नस कळेपर्यंत बदली. १८५४ सालची आपली नगरपालिका, १९७२ ला महापालिका झाली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पाच वर्षं प्रशासकच होते. मधला २०२१ चा पूर नगरसेवकाशिवायच काढला. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं तेव्हा कुठं ८१ जण परत आले, तेही आता बहुतेक प्रभागांत चार-चार. आमच्या महापौरपदाबद्दल तर बोलायलाच नको. मुदत कायद्यानं अडीच वर्षं, पण आतल्या समझोत्यात ती काही-काही महिन्यांची वाटून घ्यायची आपली जुनी रीत. कोटावरचा बॅज नवा दिसतोय तोवर पुढचा माणूस दारात उभा.

दुकानासमोरच्या चहाच्या गाड्यावर मी हे सगळं सांगितलं तेव्हा शेजारचे हार्डवेअरवाले काका म्हणाले, "म्हणजे नगरसेवक पाचच? आणि अख्ख्या गावातनं निवडून? मग आमच्या गटारीचं कुणाला सांगायचं?"

काकांचा हा प्रश्न डेटनलाही पडला होता. नदीच्या पश्चिमेला काळ्या लोकांची वस्ती. ऑर्व्हिल राइटचा वर्गमित्र, कवी पॉल लॉरेन्स डनबार याच शहरातला. त्याचं वृत्तपत्र राइट बंधूंच्या छापखान्यात छापलं जायचं. पण सगळ्या गावातून निवडायचे पाच जण असले की पलीकडच्या काठाला आवाज कुठला? १९६६ च्या सप्टेंबरात तिथं दंगल पेटली. सत्तरच्या दशकात मग त्यांनी शहराचे सात भाग पाडून नागरिकांची मंडळं केली, खर्चात त्यांचं म्हणणं ऐकायला सुरुवात केली. म्हणजे वॉर्ड मागच्या दारानं परत आलाच. आणि मॅनेजर कितीही हुशार असला तरी कारखाने निघून जायचे ते गेले. १९६० ला २ लाख ६२ हजारांचं गाव २०२० ला १ लाख ३७ हजारांवर आलं. कॅश रजिस्टर कंपनीनं २००९ मध्ये आपलं मुख्यालय जॉर्जियाला हलवायचं जाहीर केलं. आपण लोकसंख्या वाढली म्हणून रडतो, ते घर पाडायला पैसे नाहीत म्हणून.

माणसं मात्र आपल्यासारखीच धावून येतात. २०१९ च्या मे महिन्यात तिथं टोर्नेडोंनी, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळांनी, वस्त्या उडवल्या आणि ४ ऑगस्टला डेटनच्याच ओरेगन डिस्ट्रिक्ट भागात गोळीबारात नऊ माणसं गेली. इकडं त्याच आठवड्यात पंचगंगा चढत होती आणि तालमींची पोरं छातीभर पाण्यातून दुधाच्या पिशव्या पोचवत होती. तिथं हे काम चर्च आणि मोहल्ल्यातल्या संघटना करतात. कोल्हापुरात तालीम मंडळ एकीकडं फुटबॉलच्या मैदानात दुसऱ्या पेठेशी दोन हात करतं आणि पुरात त्याच पेठेला भाकरी पोचवतं. यात आपल्याला कुणाकडून शिकायचं काही नाही.

शिकायचं असेल तर पट्टीचं, म्हणजे कराचं. धरणं झाली तेव्हा डेटनच्या खोऱ्यात कर सरसकट लावला नाही. कुणाचं घर किती बुडायचं आणि धरणामुळं ते किती वाचणार, याचा घरनिहाय हिशेब केला, आणि ज्याचा फायदा जास्त त्याची पट्टी जास्त. ती आजही भरतात. मी काकांना म्हणालो, अशी पट्टी निघाली तर पहिला चेक माझा. माळ्यावर सामान चढवायला येणारी हमाली आणि बुडालेलं तांबं याच्यापेक्षा ती स्वस्तच पडेल.

काका म्हणाले, "तुझं ठीक आहे, दुकान नाल्याच्या तोंडावर. मंगळवार पेठेतला माणूस कशाला भरंल?"

"त्यानं भरायचीच नाही. त्याचं कुठं बुडतंय?"

"आणि पूररेषेच्या आत ज्यानं पाच मजली अपार्टमेंट बांधलं, त्यानं?"

"त्यानं सगळ्यात जास्त."

काकांनी चहाचे पैसे दिले. म्हणाले, मग ही पट्टी निघत नसते, लिहून घे.